बाभळीच्या खुंटावरचं औषध

यंदाही ती आली आहे. काल सोयाबीन कापायला आलं का ते पाहायला शेतात गेले, तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तोडलेल्या बाभळीच्या खुंटावर दिसली. लांबून वाटलं, कुणीतरी जेवून लाकडी ताटली विसरून गेलंय. जवळ गेले तर तीच. गर्द तांबडी, काठाला पांढरी पट्टी, आणि वरून अशी चकचकीत की सुतारानं नुकतंच पॉलिश मारलं असावं. बोटानं टकटक केलं तर आवाजही लाकडाचा. ही अळंबी भाजीच्या अळंबीसारखी मऊ नसते, दुसऱ्या दिवशी गळूनही जात नाही. पावसाळा सरत आला, सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली, की ही खुंटातून हळूच बाहेर येते आणि पार उन्हाळ्यापर्यंत तिथंच बसून राहते.

मी पदर खोचून तिच्यासमोर उभी राहिले. तोडावी की राहू द्यावी, ठरेना. घरी सांगावं की गप्प बसावं, तेही ठरेना. तसा माझा स्वभावच धरसोडीचा आहे. दुकानात दोन साड्या समोर ठेवल्या की मी तिसरीच घेऊन येते आणि घरी येऊन त्या दोघींसाठी हळहळते. पण या अळंबीपाशी माझं जे होतं ते स्वभावामुळं होत नाही. दोन वर्षांपूर्वीचा सोयाबीनचा हंगाम आठवला की मला अजून कळत नाही, आमच्या घरात तेव्हा नेमकं चुकलं कोण, आणि बरं झालं ते कशामुळं.

आमचं खेडं कामरगावापासून जवळ. दोन भाऊ, दोन सुना, चूल एक. थोरल्या त्या माझ्या जाऊबाई. त्यांचे यजमान माझे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी धाकट्या सुनेनं समोरासमोर बोलू नये, अशी आमच्याकडची जुनी रीत. पुष्कळ घरांतून ती केव्हाच गेली. आमच्या घरातून तिला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून ती राहिली. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढते, भासरे भिंतीकडं पाहतात, आणि जे सांगायचं ते मधल्या कुणाला तरी सांगितलं जातं. मधलं कुणी नसलं तर गोठ्यातल्या कपिलेला. आमच्या घरचे कितीतरी निर्णय त्या गायीनं ऐकले आहेत.

भासरे पूर्वी प्यायचे. मोहाची. मोहाच्या दारूचा वास एकदा घरात राहून गेला की भिंतींना चुना दिला तरी माणसांच्या नाकातून तो जात नाही. गोड असतो, आंबटही असतो, ओल्या फुलांचा ढीग कुजत पडल्यावर येतो तसा. त्यांची एकुलती एक मुलगी शीतल तेव्हा शाळेत होती. बाप संध्याकाळी दारात आला की ती धावत जाऊन गळ्यात पडायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, काय माया हाय पोरीची बापावर. ती वास घ्यायला जायची. वास नसला तर जेवायची, असला तर पुस्तक घेऊन माझ्या खोलीत यायची आणि पान उलटायचं विसरायची. एके दिवशी तिनं त्यांना एवढंच सांगितलं, "बाबा, तुमी पेता तं मले झोप येत नाही." दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, देवापुढं तिला बसवून, भासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. पोरीच्या डोक्यावरची शपथ म्हणजे साधी गोष्ट नाही. मोडली तर भोगायचं आपण नाही, तिनं. ती त्यांनी पाळली. लग्नं झाली, मैती झाल्या, पोळा आला आणि गेला, पण त्यांनी थेंब घेतला नाही.

दारू सुटली तरी तिनं आत जे करायचं ते करून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात भासऱ्यांच्या पायांवर सूज आली. भूक मेली. धुऱ्यापर्यंत चालत गेले की ते तिथंच दगडावर बसायचे आणि उठायला त्यांना वेळ लागायचा. कारंजाच्या डॉक्टरांनी तपासलं, लिव्हर थकलंय म्हणाले, गोळ्या दिल्या आणि दारूचं नावही काढायचं नाही म्हणून बजावलं. जाऊबाईंनी मान हलवली. दारूचा प्रश्नच नव्हता. पण त्यांना वाटत होतं, एवढ्याशा गोळ्यांनी एवढा मोठा माणूस कसा उभा राहील.

मग त्यांच्या मोबाईलवर एक बाई आली. हिंदी बोलणारी, पांढरा कोट घातलेली, मागं बाटल्यांची मांडणी. ही बाई अळंबीचा अर्क काढायची. जपानातले, चीनमधले लोक म्हणे हजारो वर्षं घेतात. लिव्हरला म्हणे अमृतच. तिनं अळंबीचा फोटो दाखवला आणि जाऊबाई मोबाईल घेऊन थेट धुऱ्यावर गेल्या. खुंटाजवळ फोटो धरला. परत आल्या तेव्हा चेहरा फुललेला.

"काय वं लहाने, जपानातली अळंबी आपल्या धुऱ्यावर बसेल हाय, आन आपन तिच्यावर पाय पुसून राह्यलो."

मी फोटो पाहिला. सारखी दिसत होती. नव्हतीही. फोटोतली जरा लांबट होती, आमची गोल. मी तसं म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, "जागा बदलली का रूप बदलते. तू माहेरी कशी व्हती आन आता कशी हायेस?" मी मोबाईल त्यांच्या हातात परत दिला.

ते अर्क काढणं मात्र पाहण्यासारखं होतं. अळंबी इतकी टणक की विळीनं चिरेना, सुरीचं पातं वाकलं. शेवटी जाऊबाईंनी सासऱ्यांचा जुना अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तशी ती कातरली. दुपारभर कटकट आवाज. आतून निघाली मऊसर, भुरी, बुचासारखी. पत्र्यावर वाळवली, लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरली. आता तिच्यावर चांगली कडक दारू ओतायची आणि दीड-दोन महिने मुरू द्यायची, असं त्या बाईनं सांगितलं होतं. तिची ती परदेशी, पाण्यासारखी स्वच्छ. आमच्याकडं कुठून येणार? जाऊबाईंचं माहेर मानोऱ्याकडं. त्यांनी भावाला निरोप धाडला आणि भाऊ एसटीनं आला तो थंड पेयाच्या बाटलीत पहिल्या धारेची मोहाची घेऊन. बाटली टॉवेलात गुंडाळलेली, टॉवेल पिशवीत, पिशवीवर मेथीची जुडी.

झाकण उघडलं आणि तो वास माझ्या नाकात गेला. मला एकदम लहानगी शीतल दिसली, हातात उघडं पुस्तक घेतलेली.

"बाई," मी म्हटलं, "हे त्यायले चालते का?"

"अवं हे काय प्यायची दारू हाय? औषधाची हाय."

"पन शपथ हाय ना त्यायची."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी यावर आधीच विचार करून ठेवला होता. "चतुर्थीच्या उपासाले तू गोळी खातं का नाही? पित्ताची? गोळीनं उपास मोडते का? मंग चमचाभर औषधानं शपथ कशी मोडन?"

उपासाला आमच्याकडं चहा चालतो, भगर चालते, शेंगदाण्याचा लाडू चालतो, गोळी तर चालतेच. उपासाच्या बाबतीत आम्ही बायकांनी देवाशी इतक्या तडजोडी करून ठेवल्या आहेत की शपथेच्या बाबतीतही त्यात एखादी वाट निघेल, असं मलाही क्षणभर वाटलं. पुन्हा वाटलं, उपास आपल्या पोटाचा असतो आणि ही शपथ लेकीच्या डोक्यावरची आहे. पुन्हा वाटलं, औषध ते औषध. या दोन्हींमध्ये मी बरेच दिवस झोके घेत राहिले आणि तोवर बरणी मुरत राहिली.

गव्हाच्या पोत्यांमागं, अंधारात ठेवली होती ती. जाऊबाई रोज तिला हलवायच्या, अगदी पाळण्यातल्या लेकरासारखं. रंग आधी फिक्या चहाचा, मग कडक चहाचा, मग काळपट. बाहेर सोयाबीनची कापणी सुरू झाली. मळणी यंत्राचा घरघराट, घशात बसणारी धूळ, अंगाला लागणारी कुसं, आणि संध्याकाळी घरी आलं की पोत्यांमागून येणारा तो पुसट वास. दिवाळीनंतर त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यातून अर्क गाळला. उरलेला चोथा पाण्यात टाकून दिवसभर चुलीवर मंद उकळला. घरभर ओल्या लाकडाचा, बंद कपाटाचा वास. ते कडू पाणी गार झाल्यावर अर्कात मिसळलं आणि सगळंच गढूळ झालं. जाऊबाई घाबरल्या, पण मोबाईलमधल्या बाईचंही तसंच झालं होतं, म्हणून लगेच खूश झाल्या. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून वाळवल्या होत्या, त्यांत भरून ठेवला. एवढ्या कष्टानं मी जावयाच्या धोंड्याचा स्वयंपाकही पाहिलेला नाही.

त्या संध्याकाळपासून रोज दिवे लागायच्या वेळी एक चमचा. जाऊबाई स्वतः भरवायच्या. भासरे डोळे मिटून तोंड उघडायचे, मग उठून अंगणात शतपावलीला जायचे. बाजूच्या खोलीत मी, कान टवकारलेले. ते काही बोलतील असं वाटायचं. ते बोलत नव्हते. वास त्यांना आला नसेल असं कसं म्हणावं? ज्या माणसानं अर्धं आयुष्य त्या वासात काढलं, त्याला?

गुण मात्र आला. पायांची सूज उतरली. भाकरी मागून घेऊ लागले. एका सकाळी धुऱ्यापर्यंत गेले आणि दगडावर न बसता परत आले. जाऊबाई भेटेल त्याला सांगत होत्या. मला तर दिवसातून कितीदा म्हणाल्या, "पाय ना लहाने, कसा रंग चढून राह्यला तोंडावर." त्यांचाच रंग जास्त चढला होता. मला त्यांचा हेवा वाटला, खरं सांगते. आपल्या हातानं माणूस बरा करणं म्हणजे काय, ते त्यांच्या चालण्यात दिसत होतं.

एका संध्याकाळी मी गोठ्याशेजारच्या मोरीत भांडी घासत होते. भासरे अंगणातून आले ते गाल फुगवून. कढीपत्त्याच्या झाडापाशी वाकले आणि तोंडातलं सगळं मुळाशी थुंकले. हौदातलं पाणी घेऊन चूळ भरली, पुन्हा भरली. वळले तर समोर मी, हातात राखेत बुडवलेला काथ्या. मी पदर ओढला. त्यांनी मान फिरवली आणि कपिलेच्या पाठीवर हात ठेवला.

"कपिले," ते म्हणाले, "तिनं लय मेहनतीनं केलं वं. नाही म्हनलं तं तिचं तोंड उतरते. सांगाची हिंमत होत नाही."

कपिला रवंथ करत होती. मी तवा घासत राहिले.

"पन तोंडात धरून थुकून देल्लं," ते हळू आवाजात म्हणाले, "तं शपथ मोडत असन का? पोटात नाही जात. पन जिभेले तं लागते."

शीतलला तेव्हा दिवस गेले होते. पुण्याला सासर, पहिलंच बाळंतपण, ते माहेरी करायचं ठरलेलं. अधूनमधून फोन यायचा, आज पाठ दुखते, आज उलट्या झाल्या. फोन आला की भासरे ऐकायला जवळ येऊन उभे राहत, आणि ठेवला की तोंड धुवायला जात. आता मला कळलं ते का. या माणसाला रोज संध्याकाळी वाटत होतं की आपल्या जिभेवरचा थेंब पुण्यात पोरीला लागतोय. तरीही तो रोज बायकोपुढं तोंड उघडत होता.

गायीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी द्यावं की नाही, हेच मला कळेना. दिलं तर काय देणार? नाही मोडत म्हणावं तर रोज असंच चालणार. मोडते म्हणावं तर हा माणूस झोपेल कसा? जाऊबाईंना सांगावं तर त्यांचा तो चढलेला रंग. मी नुसता तवा घासत बसले, तो इतका स्वच्छ निघाला की जाऊबाईंनी कौतुक केलं.

डोहाळजेवणाच्या आधी शीतल आली. दिवेलागणीलाच गाडीतून उतरली, पोट सांभाळत ओट्यावर चढली. भासरे नेमके मागच्या अंगणातून येत होते. ती त्यांच्या गळ्यात पडली. आणि मी पाहिलं, तिचे हात तिथंच थांबले. ती बाजूला झाली, आत गेली, भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. जेवली नाही. प्रवासानं थकली, जाऊबाई म्हणाल्या. भासरे ओट्यावर बसून राहिले. त्यांनाही जेवण गेलं नाही.

सकाळी चहाला सगळे बसलो तेव्हा शीतल सरळ म्हणाली, "बाबा, तुमी पुन्ना सुरू केली."

भासरे काही बोलायच्या आत जाऊबाई हसल्या. सुटल्यासारख्या हसल्या. "अवं येडे, ते औषध हाय. मीच देतो रोज. थांब, दाखवतो." बाटली आणली, झाकण उघडून तिच्या नाकापुढं धरली.

शीतलनं वास घेतला. "आई, ही मोहाची हाय."

"हो, पन औषधाची."

"माह्या डोक्यावर हात ठेवला व्हता त्यायनं." तिनं पोटावर हात ठेवला. "आता तं आमी दोघं हावो."

जाऊबाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. तेव्हा भासरे बोलले. भिंतीकडं नाही, गायीकडं नाही, सरळ लेकीकडं पाहून.

"एक थेंब पोटात गेला नाही पोरी. रोज तोंडात धरतो आन कढीपत्त्यापाशी थुकून येतो. तुह्या आईले वाईट वाटन म्हून सांगतलं नाही."

चहावर साय धरत होती. मला वाटलं, आता शीतल रडेल, बापाला मिठी मारेल, सगळं निवळेल. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "वास तं येतेच ना, बाबा."

त्या वाक्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अजून टोचतं. तिला जे भय वाटलं ते खरंच होतं, रात्रभर वाटलं होतं, आणि बाप निर्दोष निघाला म्हणून ती रात्र थोडीच पुसली जाणार होती.

जाऊबाईंना वेगळाच प्रश्न पडला होता. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"मंग बरे कायनं झाले तुमी?"

"मले नाही माहीत," भासरे म्हणाले.

"गोळ्यायनं?"

"असन."

"मंग गोळ्या तरी गिळत व्हते का?"

"गिळत व्हतो. शप्पथ."

शपथ हा शब्द तोंडातून गेला आणि ते स्वतःच दचकले. जाऊबाई उठल्या. सगळ्या बाटल्या लिंबाच्या आळ्यात रिकाम्या केल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. भाकरी रोजच्यासारख्या टम्म फुगल्या. पण त्यांच्या चालण्यातलं ते काहीतरी त्या दिवशी गेलं, आणि ते जाताना मी पाहिलं.

पुढं कारंजाला डॉक्टरांकडं त्या अळंबीचा एक वाळका तुकडा घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, हे मी ओळखत नाही, आणि ज्याची ओळख नाही ते पोटात कशाला. मोहाचं ऐकून तर ते कितीतरी वेळ बोलत होते. ते पोटात गेलं नाही तेच बरं झालं, असं म्हणाले. मग भासरे खोटं वागले तेच बरोबर? जाऊबाईंची एवढी माया, तीच विषासारखी? डॉक्टरांच्या उत्तरानं सगळं स्वच्छ व्हायला हवं होतं. माझ्या डोक्यात ते अर्कात मिसळलेल्या पाण्यासारखं झालं. तशात एक गोष्ट मी कुणालाच बोलले नाही. भासऱ्यांची भूक वाढली ती पहिला चमचा तोंडात गेल्याच्याच आठवड्यात. गोळ्या तर त्याआधी तीन महिने चालू होत्या. बायको आपल्यासाठी एवढं करते हे पाहून माणसाला भूक लागत असेल का? डॉक्टरांना विचारावंसं वाटलं, पण असलं कुणी विचारतं का.

शीतलला मुलगी झाली. सुखरूप झाली. दोन दिवस कळा देत होती तेव्हा भासरे दवाखान्याच्या पायरीवर बसून होते, आणि त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला माहीत होतं. आता नात आली की तिला मांडीवर घेतात, घोडा होतात, तिचं नाक पुसतात. तिच्या डोक्यावरून मात्र हात फिरवत नाहीत. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

काल शेतातून आले ती काही न तोडताच आले. अळंबी आली आहे हे सांगितलंही नाही. जाऊबाईंनी स्वतःच विचारलं, "खुंटावर आली का वं यंदा?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "राहू दे," आणि भाजी निवडायला लागल्या. मोबाईलमधली ती बाई अजून कधीकधी येते, जाऊबाई तिला अंगठ्यानं वर सरकवतात.

भासऱ्यांच्या गोळ्या अजून चालू आहेत. संध्याकाळी जाऊबाई पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यासमोर बसतात. ते गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात, मग मोठ्ठं तोंड उघडतात, जीभ वर करून दाखवतात. जाऊबाई मोबाईलची बॅटरी लावून आत पाहतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. मग दिसलं की ते दोघं हसत नाहीत.

"गेली?" जाऊबाई विचारतात.

"गेली."

मग त्या बॅटरी बंद करतात. उठत नाहीत. भासरे अंगणाकडं जात नाहीत ना, हे पाहत तिथंच बसून राहतात.